कप्तानाचं पान

श्राद्धाच्या स्वयंपाकात शेपू-बटाटा कोणत्या शास्त्रात बसतो, हे गुरुजींना विचारायची त्या घरात आजवर कुणाची छाती झाली नव्हती. ती भाजी पितरांसाठी नसायचीच. ती कप्तानासाठी असायची, आणि कप्तान त्या घराण्यात कुणाचाच कुणी नव्हता. दर सर्वपित्रीला शेपू निवडताना नीलांबरी कुरकुर करायची. यंदा तिनं जुडी मुकाट्यानं निवडली. कप्तानाची सख्खी नात विमानतळावरून टॅक्सीनं निघाली होती.

रविवार होता, म्हणजे दोह्यात आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. नीलांबरीनं गॅस कंपनीतून रजा घेतली होती, तिच्या धाकट्या भावानं, मयूरनं, बँकेतून. नवरा भर समुद्रात प्लॅटफॉर्मवर ड्यूटीला होता. लेकीच्या घरी श्राद्ध नको, असं बाबा पूर्वी म्हणत. पण गेल्या वर्षी मयूरच्या अल नस्रच्या फ्लॅटमध्ये वडे तळताना धुराचा अलार्म वाजला आणि अख्खी बिल्डिंग चपला घालून खाली उतरली, तेव्हापासून नीलांबरीचा अल हिलालमधला व्हिला शास्त्राला चालू लागला होता.

बाबा, म्हणजे अरुणकुमार, हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते. गुडघ्यांनी जमिनीवर बसणं सोडून बरीच वर्षं झाली होती. समोरच्या स्टुलावर ताम्हन, पळी, नाशिकहून बॅगेतून आणलेले दर्भ आणि काळे तीळ. शेजारी मोबाइल उभा करून ठेवलेला. गुरुजी त्यावर येणार होते. ‘ही माझी इथली शेवटची खेप,’ असं त्यांनी आल्या दिवशी सांगून टाकलं होतं, आणि विमानतळाच्या पायऱ्यांवर त्यांचा श्वास पाहिलेला असल्यामुळे कुणी ‘असं काय बोलता’ म्हटलं नव्हतं.

“मम्मा, शी इज अ‍ॅट द कॉर्नर,” गार्गी मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली.

हे सगळं गार्गीचंच करणं. बारावीच्या इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी तिनं पणजोबांची, आबासाहेबांची, गोष्ट घेतली, आणि ज्या जर्मन शहरात ते शिकले तिथल्या दप्तरखान्याला ईमेल टाकली: हाउप्टमान, म्हणजे कप्तान, एगोन लिंडेक यांचे कुणी वारस आहेत का? दप्तरखान्यानं ती पुढे पाठवली आणि महिन्याभरानं उत्तर आलं. नातीचं नाव उलरिके. लेकीला भेटायला हॅम्बुर्गहून पर्थला निघाली होती, विमान दोह्याला बदलायचं होतं. एक दिवस थांबेन, बोलायचं आहे, असं तिनं लिहिलं होतं. गार्गीनं सर्वपित्रीचं जेवण सांगून टाकलं.

उलरिकेबाई साठीच्या. उंच, कापलेले पांढरे केस, अंगात साधा निळा शर्ट. दारातल्या चपला पाहून कुणी न सांगता त्यांनी बूट काढले. बाबांना उठता येईना, तशी त्याच वाकल्या. बाबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडायला विसरले.

“गूटन टाग,” बाबा म्हणाले. वडिलांनी शिकवलेलं तेवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. त्यांचे डोळे भरले होते. पुढचं ते इंग्रजीत बोलले. “तुमच्या आजोबांमुळे मी आहे. तोंडानं सांगायला ऐंशी वर्षं कुणी मिळालं नव्हतं.”

बाईंनी हळूच हात सोडवून घेतला. नीलांबरीला ते खटकलं, पण तिनं ते प्रवासाच्या शिणावर घातलं.

पुढची गोष्ट मयूरनं सांगितली, कारण ती तोच सांगायचा. लहानपणी चाळणी डोक्यावर घालून तो कप्तान व्हायचा आणि नीलांबरीला आबासाहेब व्हावं लागायचं. बँकेतला माणूस, पण ही गोष्ट निघाली की खुर्चीच्या टोकाला येऊन बसे.

“आबासाहेब तिथं इंजिनिअरिंग शिकत होते. कप्तानाच्या घरी माडीवरची खोली. पहिलं युद्ध हरल्यावर जर्मनीला एक लाखाचंच सैन्य ठेवायची परवानगी होती ना? कप्तान त्या लाखात टिकला, पण पगार बेताचा, म्हणून खोली भाड्यानं. आबासाहेब शाकाहारी. तर कप्तानाची बायको त्यांना रोज उकडलेला बटाटा आणि वर शेपू घालायची. आणि कप्तान स्वतःचं मांस बाजूला सारून तेच खायचा. पाहुण्यासमोर वेगळं कसं खायचं, म्हणून!”

“आणि शपथेचं सांग,” बाबा म्हणाले.

“हो. एकोणीसशे चौतीस. सगळ्या सैन्याला नवी शपथ घ्यायला लावली. देशाची नाही, एका माणसाची. हिटलरची. त्या दिवशी कप्तान पानावर बसला आणि न जेवता उठला. आबासाहेबांना म्हणाला, आज मी माझी सही कोऱ्या कागदावर केली.”

उलरिकेबाईंनी मान वर केली. “असं म्हणाला तो?”

“शब्दशः. आता खरी गोष्ट. युद्ध सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात आबासाहेबांना पोलिसांनी उचललं. त्यांचे एक ज्यू प्राध्यापक होते, देश सोडून निघालेले, त्यांच्या ट्रंका आबासाहेबांनी स्टेशनवर वाहिल्या होत्या, एवढाच गुन्हा. कप्तानाला कळलं. तो घरी आला, पूर्ण गणवेश चढवला, पहिल्या युद्धाचं पदक लावलं, आणि थेट चौकीत गेला. टेबलावर हात आपटून म्हणाला, हा माणूस माझ्या ताब्यात आहे, सोडा. त्यांना काय विचारावं तेच सुचेना. सोडलं! तिथून स्वतः गाडी चालवून हॉलंडच्या सीमेपर्यंत. आणि तिथं...” मयूरनं उभं राहून कडक सॅल्यूट ठोकला. “आबासाहेबांना. एका काळ्या विद्यार्थ्याला. सीमेवरच्या शिपायांदेखत.”

गार्गीनं टाळी वाजवली. हे सगळं तिनं शंभरदा ऐकलं होतं.

बाईंनी भिंतीशी मांडलेल्या केळीच्या पानांकडे बोट केलं. “आणि ते?”

गार्गीनं समजावलं. एक पान आबासाहेबांचं, एक पणजीचं, आणि टोकाचं कप्तानाचं. ज्यानं उपकार केले त्याला रक्ताचं नातं नसलं तरी पाणी देता येतं, आमच्यात तशी सोय आहे. “एव्हरी इयर. सिन्स नाइन्टीन फॉर्टी-सिक्स.”

“सेहेचाळीस?” बाई म्हणाल्या. “पण आजोबा चौऱ्याहत्तर साली वारले. मी दहा वर्षांची होते.”

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग मयूरला हसू फुटलं. “बाबा! आपण जिवंत माणसाला पाणी सोडत होतो!”

“असं कसं होईल?” बाबा गोंधळले. “आबासाहेबांबरोबर तिथं शिकलेल्या एका मुलानं निरोप आणला होता. शेजारणीनं सांगितलं होतं त्याला, कप्तान पूर्वेकडून परत आला नाही म्हणून.”

“ते खरंच होतं. तोवर आला नव्हता. रशियनांच्या कैदेत होता. पंचावन्न साली सोडलं.”

“अरे देवा,” बाबा म्हणाले, आणि तेही हसायला लागले. “मेल्याची खोटी आवई उठली की आयुष्य वाढतं, असं आमच्याकडे म्हणतात. आम्ही तर दरवर्षी उठवत होतो. चौऱ्याहत्तर सालापर्यंत जगला म्हणजे आमच्याच पुण्याईनं की हो!”

नीलांबरीही हसली. हसल्या नाहीत त्या फक्त उलरिकेबाई.

“त्याला दहा वर्षं कैदेत का ठेवलं, ते सांगायला मी इथं थांबले आहे,” त्या म्हणाल्या.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात सांगितलं, विशेषणं न लावता. बेचाळीस साली कप्तानाला बढती मिळाली होती आणि बेलारूसमध्ये एक बटालियन त्याच्या हाताखाली होती. जंगलातल्या बंडखोरांनी त्याचे दोन शिपाई मारले. जवळच्या गावानं त्यांना भाकरी दिली असा संशय होता. गावातली माणसं, बहुतेक बायका, म्हातारे आणि मुलं, धान्याच्या कोठारात घालून कोठार पेटवण्यात आलं. हुकमावर सही लिंडेकची होती. रशियन कोर्टात त्यानं ती नाकारली नाही. घरी आल्यावर मुलानं, म्हणजे उलरिकेबाईंच्या वडिलांनी, विचारलं तेव्हाही नाकारली नाही. ‘हो, सही माझी,’ एवढंच म्हणाला. त्यानंतर तो एकोणीस वर्षं जगला आणि स्वयंपाकघरात एकटा जेवत राहिला.

कोपऱ्यावरच्या मशिदीतून दुपारची अजान सुरू झाली. मग मयूर उठला आणि स्वयंपाकघरात निघून गेला. गार्गी त्याच्या मागे, आणि वडे कढईत होते म्हणून नीलांबरीही.

“मी ते पान जेवणार नाही, ताई,” मयूर म्हणाला. फ्रिजला टेकून उभा होता.

कप्तानाचं पान कुणीतरी जेवायला लागे, आणि मुंज झाल्यापासून ते मयूर जेवत आला होता. हट्टानं मागून घेतलं होतं त्यानं. शेपू त्याला आवडत नसे, पण त्या दिवशी तो पान चाटून पुसून उठे.

“नको जेवूस.”

“आणि बाबांना सांग, नाव घ्यायचं नाही. मी चाळणी घालून फिरायचो गं. पोरं जाळणाऱ्या माणसाचं सोंग!”

“तू सांग ना.”

“माझं ऐकणार नाहीत. तुझं ऐकतात.”

“मामा इज राइट,” गार्गी म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. “ही साइन्ड इट. हाउ कॅन वी फीड हिम?”

“गार्गी, झारा दे.”

“तू त्याची बाजू घेतेस, ताई? दरवर्षी शेपूच्या नावानं बोटं मोडणारी तू?”

“मी कुणाची बाजू घेत नाहीये. वडे करपतायत, तू बाजूला हो.”

पण वडे काढून झाल्यावर ती पदराला हात पुसत बाहेर गेली, सांगायचंच ठरवून. मयूर म्हणत होता ते खरं होतं. एवढी वर्षं तिला कप्तानाचं कौतुक नव्हतं, आता तर कीव करण्याचंही कारण उरलं नव्हतं. हॉलच्या उंबऱ्याशी ती थांबली, कारण बाबा बोलत होते.

“म्हणजे आम्हाला थांबवायला आलात तुम्ही.”

“हो,” उलरिकेबाई म्हणाल्या. “मुलीची ईमेल वाचली तेव्हा वाटलं, या भल्या माणसांना कुणीतरी खरं सांगायला हवं. आमच्या घरात त्याचा फोटो नाही. आमच्याकडे कबरीची जागा ठरावीक वर्षांसाठी भाड्यानं असते. मुदत संपली तेव्हा वडिलांनी ती वाढवली नाही. आता तिथं दुसरं कुणी आहे. जगात त्याचं नाव कुठं घेतलं जात असेल असं मला वाटलंच नव्हतं.”

“आणि आता?”

“आता मी जास्त रागावले आहे.” बाईंनी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “आजवर मी स्वतःला समजावत होते, त्याला दुसरं काही करता येत नसेल. हुकूम होते, शपथ होती. पण तुमचा मुलगा सांगतो, तो चौकीत गेला आणि टेबलावर हात आपटला. म्हणजे नाही कसं म्हणायचं, हे त्याला येत होतं. एकदा म्हटलंही होतं.” त्या थांबल्या. “तरी मी तुमची आभारी आहे. मला त्याच्याबद्दल एकच गोष्ट माहीत होती. आता दोन माहीत आहेत. दुसरीनं पहिली धुतली जात नाही. पण ही दुसरी मला कुणी दिली नसती. माझे वडील ती न कळताच गेले.”

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

“बाई, मला मोठं काही बोलता येत नाही. मी जन्मभर एमएसईबीत नोकरी केली. पण मी आहे, ही माझी लेक, तो मुलगा, ती पोर, आम्ही सगळे त्या माणसाच्या एका दुपारीतून आलो. तो चांगला होता म्हणून मी त्याला पाणी देत नाही. मी जिवंत आहे म्हणून देतो. तो वाईट निघाला म्हणून मी कमी जिवंत होत नाही.”

“तुम्ही त्याला माफ करता?”

“छे! ते आमचं काम नाही. ज्यांचं होतं ते त्या कोठारात गेले. आमच्याकडे फक्त जेवण आहे.”

नीलांबरी सांगायला आली होती ते सांगायचं राहून गेलं. तिच्या तोंडून वेगळंच निघालं.

“त्या गावाचं कोण करतं?”

दोघांनी वळून पाहिलं.

“म्हणजे, त्यांचं पाणी. त्यांच्या घरातलं कुणी उरलंय का?”

“गावच उरलं नाही,” उलरिकेबाई म्हणाल्या. “शेतात एक दगड आहे, त्यावर नावं. मी एकदा गेले होते. मला त्यांची लिपी वाचता येत नाही. ड्रायव्हरनं सगळ्यात खालचं नाव वाचून दाखवलं. ते तेवढं लक्षात राहिलं. आलेस्या. चार वर्षांची.”

मोबाइल वाजला. पडद्यावर गुरुजींचं कपाळ आलं, मग गुरुजी. “हं अरुणराव, झाली का तयारी? इथं दोन वाजून गेले. तुमच्यानंतर मस्कतवाले थांबलेत.”

आचमन झालं. बाबांनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. बाबांच्या अंगठ्यावरून तिळाचं पाणी ताम्हनात पडत राहिलं. स्वयंपाकघराच्या दारात मयूर आणि गार्गी येऊन उभे राहिले.

“हं, आता आप्त. काश्यपगोत्री कप्तान लिंडेक,” गुरुजी सवयीनं म्हणाले.

बाबांचा हात थांबला. “गुरुजी, ते नाव तूर्त राहू द्या. ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी एक अंजली असते ना, ती आधी घेऊ.”

“ती शेवटची असते, अरुणराव.”

“ठाऊक आहे. ती आधी. आणि त्यात एक नाव घ्यायचंय.”

“नाव असेल तर गोत्र लागेल.”

“परदेशी मुलगी आहे. चार वर्षांची.”

“गोत्र माहीत नसलं की काश्यप,” गुरुजी हळू आवाजात म्हणाले. “नाव सांगा.”

“आलेस्या,” उलरिकेबाई म्हणाल्या. काय चाललंय ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण नाव त्यांनीच सांगायचं होतं हे त्यांना कळलं असावं.

काश्यपगोत्री आलेस्या. मग तिच्या गावातले सगळे, ज्यांची नावं इथं कुणाला वाचता येत नाहीत ते. बाबांनी पाणी सोडलं, आणि प्रत्येकासाठी सोडल्यासारखं बराच वेळ सोडत राहिले. गुरुजींनी घाई केली नाही.

“कप्तानाचं गोत्रही काश्यपच ना?” मयूरनं नीलांबरीला कानाशी विचारलं.

“ज्याला कुणी नाही त्याचं काश्यप,” ती म्हणाली.

“या अंजलीनंतर आता नाव घेत नाहीत, अरुणराव,” गुरुजी म्हणाले.

“आजपासून आमच्याकडे घेतात,” बाबा म्हणाले. काश्यपगोत्री कप्तान लिंडेक याला सगळ्यांच्या शेवटी, एकच पळी पाणी मिळालं.

पानं वाढायची वेळ झाली तेव्हा नीलांबरीनं कुणाला विचारलं नाही. टोकाचं कप्तानाचं पान तिनं उचललं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं. त्याच जागी नवीन पान मांडलं. खीर, वडे, आमटी, भोपळा, गवार, आमसुलाची चटणी, सगळं वाढलं. शेपू त्या पानावर वाढला नाही.

“हे आलेस्याचं,” ती गार्गीला म्हणाली. “बस.”

“मी? आय डोन्ट नो हाउ...”

“जेवायचंय फक्त. खीर आधी.”

“आणि कप्तान?” बाबांनी विचारलं.

“कप्तान दुसऱ्या पंगतीला. आधी ही सगळी जेवून उठतील, मग त्याचं.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्यांच्या घरात दुसऱ्या पंगतीला आजवर बायका बसत आल्या होत्या. तिथं काय उरतं आणि कसं निवतं, हे नीलांबरीला कुणी सांगायला नको होतं.

कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलेला घास साळुंक्यांनी नेला. पहिली पंगत झाली. गार्गीनं पान स्वच्छ केलं, वडाही टाकला नाही. मयूर पहिल्या पंगतीला बसला नाही. वाढायला मदत करतो म्हणाला आणि पाण्याचं भांडं घेऊन नुसता उभा राहिला.

मग नीलांबरीनं दुसरी पानं मांडली. एक स्वतःचं, एक उलरिकेबाईंचं, आणि मधे ते ओट्यावरचं. कडेनं जरा सुकलं होतं. उलरिकेबाई मांडी घालता येईना म्हणून पाय एका बाजूला घेऊन बसल्या. पानावरचा शेपू-बटाटा पाहिला, एक घास खाल्ला आणि चावायच्या थांबल्या.

“आजी करायची,” त्या म्हणाल्या. मग त्यांच्यातल्या आजीच्या नातीला राहवेना. “पण बटाटा एवढा शिजवायचा नाही. फोड अख्खी राहिली पाहिजे.”

“ऐंशी वर्षांत कुणी बोललं नाही,” नीलांबरी म्हणाली. मधल्या पानाकडे न बघता ती जेवू लागली.

खुर्चीवरून बाबा बघत होते. पुढच्या वर्षी आपण नसलो तर, हा मयूरला विचारायचा प्रश्न त्यांनी सबंध सकाळ तोंडात धरून ठेवला होता, तो तसाच धरला.

मयूरनं भांडं खाली ठेवलं. मधल्या पानासमोर येऊन जरा वेळ उभा राहिला आणि बसला. उजव्या हातात पाणी घेऊन त्यानं पानाभोवती फिरवलं.

“शेपू वाढ, ताई.”

तिनं वाढला. त्यानं पहिला घास घेतला. लहानपणापासून न आवडलेली भाजी, तशीच, तोंड वाकडं करून गिळली.

“पुढच्या वर्षी बटाटा कमी शिजव,” तो म्हणाला. “फोड अख्खी राहिली पाहिजे.”